रिगमधलं काय, कधी बदलायचं? स्कायडायव्हिंगमधल्या नव्या मंडळींसाठी

परवा शनिवारी ड्रॉपझोनवर, म्हणजे जिथे उड्या मारतात त्या मैदानावर, विमानाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा उभा होता. मूळचा नाशिकचा, म्हणून मला हक्कानं ताई म्हणतो. पस्तिसेक उड्या झालेल्या, पाठीवर स्वतःची पहिली रिग, म्हणजे छत्र्यांसकट उडीचा सगळा संच. "ताई, जरा मागची पिन बघता का?" म्हणून वळला. मी झाकण उचललं. पिन जागेवर होती, पण ती ज्या लूपमधून जाते तो लूप पिनेखाली पार पिंजलेला होता, विझलेल्या वातीच्या टोकासारखा. नखानं हळूच बाजूला सारून बघितलं तर निम्मे धागे तुटलेले. "आजची शेवटची उडी झाली की बदलणारच होतो," तो म्हणाला.

त्याला रांगेतून बाहेर काढलं, नवा लूप घातला, पुढच्या विमानानं तो वर गेला. सगळं मिळून वीस मिनिटं आणि दोन-चार डॉलरची दोरी.

तो लूप म्हणजे मुख्य छत्रीचा कप्पा बंद ठेवणारा एकुलता एक दोरा. विमानाच्या उघड्या दाराशी तुम्ही उभे असताना तो तुटला, तर कप्पा उघडतो, छत्री बाहेर खेचली जाते आणि माणसासकट विमानाच्या शेपटीत अडकू शकते. म्हणजे धोका तुमच्या एकट्याला नसतो, आत बसलेल्या सगळ्यांना असतो.

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहितेय. शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हा खेळ माहीत झाला. आता पुण्या-मुंबईची मुलं थायलंड, दुबई, अमेरिकेत जाऊन लायसन्स घेतात आणि मग स्वतःची रिग घेतात. उडी कशी मारायची हे शिकवायला प्रशिक्षक असतो. रिग म्हातारी होताना कशी ओळखायची, हे मात्र आपलं आपण शिकावं लागतं. मी कॅलिफोर्नियात उड्या मारते, म्हणून नियम इथले सांगते. तुमच्या देशात मुदती वेगळ्या असतील, त्या तिथल्या रिगरला विचारा. मी स्वतः रिगर नाही. रिगर म्हणजे परवाना असलेला छत्री-कारागीर, आणि या लेखात मी तुम्हाला वारंवार त्याच्याकडेच पाठवणार आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा: रिगला एक वय नसतं

"माझी रिग २०१५ ची आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. रिगमधला प्रत्येक भाग आपल्या आपल्या हिशोबानं म्हातारा होतो. काही भाग तारखेनं संपतात: तुम्ही उडी मारा किंवा रिग वर्षभर कपाटात ठेवा, मुदत चालूच. काही उड्यांच्या संख्येनं झिजतात. काही फक्त डोळ्यांनी आणि बोटांनी कळतात. आणि काही एखाद्या घटनेनं एका दिवसात निकामी होतात, उदाहरणार्थ समुद्रात उतरलात किंवा गाडीच्या डिकीत बॅटरीचं आम्ल सांडलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक वही. खरंच कागदाची वही घ्या, कारण ती रिगच्या बॅगेतच राहते. प्रत्येक भागाला एक पान द्या. भाग कधी बनला, कधी बसवला, त्यावर किती उड्या झाल्या, आणि तो पुढे कधी तपासायचा किंवा बदलायचा, हे लिहा. शेवटचा आकडा आज, घरी, डोकं शांत असताना लिहायचा. माझं ठाम मत आहे की बदलायचा निर्णय ड्रॉपझोनवर घ्यायचाच नसतो. तिथे आभाळ निळं असतं, मित्र हाका मारत असतात, तिकिटाचे पैसे भरलेले असतात. अशा वेळी कुठलाही दोरा आणखी एका उडीपुरता चांगलाच दिसतो.

पायरी पहिली: लेबलं शोधा

कंटेनरचं, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचं, आणि हार्नेसचं, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांचं लेबल आतल्या बाजूला शिवलेलं असतं. त्यावर बनवल्याची तारीख आणि क्रमांक असतो. मेनचं, म्हणजे मुख्य छत्रीचं लेबल कापडावर, पॅक करताना दिसतं. रिझर्व्हचं, म्हणजे राखीव छत्रीचं लेबल मात्र ती उघडल्याशिवाय दिसत नाही. पण रिगसोबत एक डेटा कार्ड असतं, बहुधा पाठीच्या गादीमागच्या छोट्या खिशात. त्यावर रिझर्व्हचा क्रमांक, शेवटचं पॅकिंग कधी आणि कोणी केलं, आणि एएडीच्या (ते यंत्र पुढच्या पायरीत येतंय) तारखा असतात. हे सगळं वहीत उतरवून घ्या. काही कंपन्यांनी आपल्या मालाला एकूण आयुष्याची मर्यादाही घातलेली असते, ती त्यांच्या पुस्तिकेत सापडते. काहींनी घातलेली नसते, तिथे रिगरचा शब्द अखेरचा.

पायरी दुसरी: एएडी, जिथे घासाघीस चालत नाही

एएडी म्हणजे माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान सुटलं तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं छोटं यंत्र. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. सायप्रेस या ब्रँडचं अनुभवी लोकांसाठीचं यंत्र साधारण २२५ मीटरवर, पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर, रिझर्व्हचा लूप आतल्या पात्यानं कापतं. पोटावर पडताना आपला वेग सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्या क्षणी जमीन चार सेकंदांवर असते. त्या चार सेकंदांत काम करणारं यंत्र मुदतबाह्य ठेवायचं की नाही, यावर चर्चा करायची गरज मला वाटत नाही.

मुदती अशा आहेत. जुन्या सायप्रेस २ ला एकूण साडेबारा वर्षं, मध्ये चौथ्या आणि आठव्या वर्षी कंपनीकडे तपासणी. अलीकडच्या सायप्रेस २ ला साडेपंधरा वर्षं, आणि तपासणी पाचव्या आणि दहाव्या वर्षी. व्हिजिल आणि एम२ हे दुसरे ब्रँड: व्हिजिलला वीस वर्षं, एम२ ला १५ वर्षं किंवा १५,००० उड्या. सगळी मोजणी बनवल्याच्या तारखेपासून, तुम्ही विकत घेतल्याच्या तारखेपासून नाही. नवे लोक नेमके इथे चुकतात. अमेरिकेत एएडी बसवलेलं असेल तर ते कंपनीच्या सूचनेप्रमाणे राखलेलं असणं हा कायदाच आहे.

तपासणीला पाठवायचं तर यंत्र काही आठवडे हातात नसतं. म्हणून तारीख हंगामाच्या मधोमध येत असेल तर आधीच्या हिवाळ्यातच रिगरशी बोलून ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रिग ठेवू नका. यंत्राला आणि त्याच्या बॅटरीला ती भट्टी सोसत नाही.

पायरी तिसरी: रिझर्व्ह, जी तुम्ही उघडायचीच नाही

अमेरिकेत रिझर्व्ह दर १८० दिवसांनी रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा पॅक करून घ्यावी लागते. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. पॅक झाल्यावर रिगर पिनेला लाल दोरा आणि शिशाचं सील लावतो, त्यावर त्याची खूण असते. दोरा तुटलेला किंवा सील नाहीसं झालेलं दिसलं तर त्या रिगनं उडी नाही, मग तारीख कितीही ताजी असो.

पुष्कळ जण समजतात की रिझर्व्ह वापरलीच नाही म्हणजे ती नवीच. तसं नसतं. रिझर्व्हचं कापड पातळ नायलॉनचं असतं, आणि प्रत्येक घडीला, प्रत्येक दाबण्याला त्याचा लेप थोडा थोडा जातो आणि कापडातून हवा जास्त झिरपायला लागते. म्हणूनच परफॉर्मन्स डिझाइन्स ही छत्र्या बनवणारी कंपनी आपल्या रिझर्व्हच्या लेबलवर छोटे चौकोन छापते. प्रत्येक पॅकिंगला आणि प्रत्येक वापराला रिगर तिथे खूण करतो. ४० पॅकिंग किंवा २५ वापर झाले की छत्री कंपनीकडे तपासणीला परत पाठवायची. पुढच्या वेळी रिझर्व्ह पॅक होत असेल तेव्हा रिगरशेजारी उभे राहा आणि ते चौकोन मोजा. किती भरलेत ते वहीत लिहा. कुठलाही चांगला रिगर तुम्हाला हे आनंदानं दाखवेल. जो दाखवायला नाराज होतो, त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही.

रिझर्व्हचा लूप, पिन, हँडलची तार हे सगळं रिगरच्या अखत्यारीतलं. लूप तर बरेच रिगर दर पॅकिंगला नवाच घालतात. तुम्ही उडीपूर्वी एवढंच पाहायचं: पिन सरळ आहे का, पुरेशी आत आहे का, लूपचे धागे सुटले नाहीत ना. पिन वाकलेली वाटली तर हातानं सरळ करू नका. वाकून सरळ केलेली पिन आतून चिरलेली असू शकते.

पायरी चौथी: लूप आणि रबरबँड

मेनचा क्लोजिंग लूप हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात जास्त चालढकल त्याच्याच बाबतीत होते. दर पॅकिंगला पाहा. दहावा हिस्सा धागे तुटलेले दिसले की बदला, एवढं मोजत बसायचं नसेल तर धागा सुटलेला दिसल्या दिवशी बदला. लूप लांब झालेला असेल, पिन सैल सरकत असेल, तरीही बदला. शाबूत असून सैल असलेला लूप तितकाच घातक, कारण पिन वेळेआधी निसटते. माझ्या बॅगेत एका चपट्या डबीत कायम चार तयार लूप असतात. लूप घालायला प्रशिक्षकाकडून किंवा रिगरकडून एकदा शिकून घ्या, मग स्वतः करा.

दोऱ्या ज्या रबरबँडमध्ये अडकवून घड्या घालतो, ते रबरबँड उन्हानं आणि कोरड्या हवेनं वाळतात, चिरतात. एखादा तुटला की वाटतं, नऊ आहेत की अजून. पण सैल सुटलेल्या दोऱ्या छत्री पिशवीतून बाहेर पडण्याआधीच विस्कटतात, आणि छत्री एवढ्या जोरात उघडू शकते की मान लचकते. रबरबँड शंभरच्या पुडीत मिळतात.

पायरी पाचवी: पायलट च्यूट, आणि माझी एक सकाळ

हा भाग मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यानं मला धडा दिला.

पायलट च्यूट म्हणजे हातानं हवेत फेकायची छोटी छत्री, जी मेनला कप्प्यातून ओढून काढते. ती आणि मेन यांना जोडणाऱ्या पट्टीला ब्रायडल म्हणतात. ब्रायडलच्या पोकळीतून एक बारीक दोरी जाते, तिला किल लाइन म्हणतात. मेन उघडली की ही दोरी पायलट च्यूटचा मध्य आत खेचून तिला मिटवते, नाहीतर ती उडीभर मागे फुगून ओढत राहिली असती. पॅक करताना ही दोरी पुन्हा ताणून पायलट च्यूट सज्ज करायची असते. सज्ज आहे की नाही हे ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसते त्यावरून कळतं.

माझी पहिली रिग मी वापरलेली घेतली. शंभर-सव्वाशे उड्या छान झाल्या. मग उघडायला जरा वेळ लागतोय असं वाटायला लागलं. एका सकाळी पायलट च्यूट फेकली आणि काहीच झालं नाही. मी मोजत होते: एक, दोन, तीन. मान वळवून पाहिलं तर पायलट च्यूट माझ्यामागे अर्धवट फुगलेली, डुलत होती, जणू कोणी मूठ अर्धी मिटून धरलीय. उजवा हात कटअवेच्या, म्हणजे मेन सोडून द्यायच्या, हँडलकडे निघाला तेवढ्यात मेन निघाली. उघडली तेव्हा मी नेहमीपेक्षा बरीच खाली होते.

खाली उतरून थेट रिगरकडे गेले. त्यानं काहीही न बोलता पायलट च्यूट सज्ज केली, टेबलाच्या कडेला अडकवली आणि ब्रायडल ताणली. खिडकीत खूण दिसत होती, म्हणजे मी पॅकिंग बरोबर केलं होतं. पण बाहेरचं ब्रायडल आणि जाळी ताणली जायच्या आधीच आतली किल लाइन ताठ झाली होती आणि पायलट च्यूटचा मध्य आत खेचत होती. म्हणजे सज्ज असूनही ती अर्धी मिटलेलीच होती. किल लाइन चांगली चार बोटं आखडली होती. आधीच्या मालकानं ती कधीच बदलली नव्हती, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

ही दोरी बहुधा स्पेक्ट्राची असते, आणि घर्षणाच्या उष्णतेनं स्पेक्ट्रा आखडतो. म्हणून दर काही महिन्यांनी ही परीक्षा करा: पायलट च्यूट सज्ज करून टोकाला धरा, कोणाला तरी ब्रायडल ताणायला सांगा, आणि आधी काय ताठ होतं ते पाहा. आतली दोरी आधी ताठ झाली तर रिगरकडे. जाळीला भोक, शिवण सुटलेली, किंवा साधं कापड जुनं होऊन त्यातून हवा सहज जात असेल, तर अख्खी पायलट च्यूट बदला. उघडायला रेंगाळण्याचं कारण दर वेळी हवामान किंवा पॅकिंग नसतं.

ती ज्या खिशात राहते, म्हणजे कंटेनरच्या तळाशी असलेला लवचीक कापडाचा खिसा, तोही तपासा. जुना झाला की सैल पडतो. सैल खिशातून पायलट च्यूट पडताना आपोआप निसटू शकते, आणि तुम्ही उलटे किंवा कुशीवर असाल तर ब्रायडल हातापायात गुंतते. खिसा नव्यानं शिवून घेणं रिगरचं तास-दोन तासांचं काम आहे.

पायरी सहावी: दोऱ्या

दोऱ्या कोणत्या धाग्याच्या आहेत ते आधी जाणून घ्या, कारण प्रत्येकीचं मरण वेगळं आहे.

डेक्रॉन जाड, थोडी ताणणारी, बहुधा विद्यार्थ्यांच्या मोठ्या छत्र्यांना असते. ती झिजताना दिसते, केसाळ होते. स्पेक्ट्रा बारीक आणि बळकट, पण तिला उष्णता चालत नाही. सुमारे दीडशे अंशांच्या आत ती वितळते. छत्री उघडताना स्लायडर, म्हणजे दोऱ्यांवरून खाली घसरणारा तो चौकोनी कापडाचा तुकडा, आपल्या कड्यांनी बाहेरच्या दोऱ्यांना घासत येतो. त्या घर्षणानं बाहेरच्या दोऱ्या आखडतात, मधल्या तेवढ्या आखडत नाहीत. छत्री वळवायला आणि वेग कमी करायला ओढायच्या ब्रेकच्या दोऱ्या सगळ्यात जास्त आखडतात. छत्रीचा मूळ तोल त्यामुळे हळूहळू बिघडतो, इतका हळू की तुम्हाला कळतच नाही. व्हेक्ट्रन आणि एचएमए यांचं याच्या उलट: त्या लांबीला इमानदार, पण आतून कमकुवत होतात आणि फारशी सूचना न देता तुटतात. म्हणून स्पेक्ट्राला मोजपट्टी लावायची, आणि व्हेक्ट्रन-एचएमएला उड्यांचा हिशोब ठेवायचा. सगळ्या दोऱ्या एकत्र बदलायची पाळी साधारणपणे काही शे उड्यांनी येते. नेमका आकडा छत्रीच्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. ब्रेकच्या खालच्या दोऱ्या त्याच्या आधीच, मध्ये एकदा तरी, बदलाव्या लागतात.

हवेत करून पाहायची एक सोपी परीक्षा आहे. पुरेशी उंची आणि मोकळं आकाश असताना टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या हातातल्या मुठी, पूर्ण वर सोडा आणि मान वर करून छत्रीची मागची कड बघा. ब्रेकच्या दोऱ्या मागे हलकी कमान करून लोंबत असायला हव्यात. त्या सरळ ताठ असतील आणि मागची कड खाली ओढली जात असेल, तर तुम्ही पूर्ण वेळ ब्रेक लावूनच उडताय. हात वर असताना छत्री आपोआप एका बाजूला वळत असेल तर दोन्हीकडच्या दोऱ्या सारख्या राहिलेल्या नाहीत. खाली येऊन आधी ब्रेकच्या दोऱ्यांना पडलेले पीळ काढा, कारण पिळानंही दोरी तोकडी होते. त्यानंतरही तेच दिसलं तर रिगरला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे दोऱ्या मोजायला सांगा.

जमिनीवर पाहायचं ते असं: ब्रेकची दोरी रायझरवरच्या (रायझर म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) कडीतून जिथे घासते तो भाग, दोऱ्या जिथे एकमेकींना जोडल्यात ते सांधे, आणि रायझरशी जोडणारे लिंक. दोरी दोन बोटांत धरून सावकाश सरकवा. जिथे बोटाला खडबड लागेल तिथे थांबून उजेडात बघा. स्लायडरच्या धातूच्या कड्यांवर कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला म्हणजे तिथे खरवड आहे, आणि तीच खरवड दर उडीला दोरी कापतेय. नव्या दोऱ्या घालून जुना खरवडलेला स्लायडर ठेवणारे लोक मी पाहिलेत. नव्या दोऱ्यांचे पैसे त्यांनी वायाच घालवले.

पायरी सातवी: तीन कड्या

खांद्यावर एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. मेन बिघडली तर याच सोडून ती फेकून देता येते. बिल बूथ यांनी ही रचना १९७० च्या दशकात केली आणि आजही जगभर तीच चालते. प्रत्येक कडी ताण कमी करत जाते, आणि तुमचं सगळं वजन शेवटी एका इवल्याशा पांढऱ्या लूपवर आणि त्यातून गेलेल्या पिवळ्या तारेवर थोडकंच उरतं. म्हणून तो लूप आणि ती तार यांना जपायचं.

महिन्यातून एकदा रायझर सोडवा. तार ओढून बाहेर काढा, स्वच्छ फडक्यानं पुसा, कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन अगदी पुसटसं लावा. तारेवर धुळीचा राप बसला की हँडल ओढायला जड जातं. रायझरचा पट्टा कड्यांजवळ दोन्ही बाजूंनी वाकवून मऊ करा. महिनोन्महिने एकाच घडीत राहिलेला पट्टा त्या आकारात आखडतो, आणि मेन पुरेशी ओढत नसेल तेव्हा कड्या सुटायला रेंगाळतात. पांढऱ्या लूपचा धागा सुटलेला, तारेचा पिवळा लेप चिरलेला, तार मुडपलेली, रायझरच्या छिद्राची कड केसाळ झालेली, यातलं काहीही दिसलं तर बदला. अरुंद पट्ट्याचे मिनी रायझर रुंद पट्ट्याच्या रायझरपेक्षा लवकर थकतात, त्यांच्या उड्या वहीत वेगळ्या मोजा. पहिल्या दोन-तीन वेळा कड्या परत जोडल्यावर रिगरला दाखवल्याशिवाय उडी मारू नका. चुकीच्या जोडलेल्या कड्या जमिनीवर अगदी बरोबर दिसू शकतात.

हार्नेसचं थोडक्यात: मांडीच्या पट्ट्यावर बकलाजवळ कड पिंजली असेल, शिवणीचा टाका तुटला असेल, किंवा पट्ट्याचा रंग उन्हानं उडाला असेल तर रिगरला दाखवा. ऊन नायलॉनला आतून खातं. हार्नेसला घरी सुईदोरा लावायचा नाही, एक टाकासुद्धा नाही.

ज्या दिवशी काही घडतं

समुद्रात उतरलात तर सगळं गोड्या पाण्यानं धुवा आणि रिगरकडे द्या. मीठ वाळून कापडात स्फटिक होतात आणि आतून घासत राहतात. एएडी भिजलं असेल तर त्याच्या कंपनीचे नियम वेगळे, ते पाळा. आम्ल, पेट्रोल किंवा काय सांडलंय तेच कळत नाही असा डाग दिसला तर त्या रिगनं उडी नाही. रिझर्व्ह वापरली, किंवा छत्री इतक्या जोरात उघडली की अंगावर वळ उठले, तर दोऱ्या, लिंक आणि हार्नेस तपासल्याशिवाय पुढची उडी नाही. हेल्मेटवर खरा आपटा बसला तर बाहेरून चीर दिसो न दिसो, ते बदला.

घडण्याचा आणखी एक प्रकार तुमच्या रिगच्या बाहेरचा असतो: कंपनीचं सूचनापत्रक. २०११ मध्ये आर्गस नावाच्या एएडीच्या कटरबद्दल शंका उभी राहिली आणि कंटेनर बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी ते आपल्या रिगमध्ये वापरायला मनाई केली. तारीख शिल्लक होती, यंत्र चालू होतं, तरीही. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला तुमच्या कंटेनरच्या, दोन्ही छत्र्यांच्या आणि एएडीच्या कंपन्यांची नवी पत्रकं वाचा, क्रमांक जुळवा.

वापरलेली रिग घेत असाल तर

पैसे देण्याआधी रिग तुमच्या ओळखीच्या रिगरकडे जाऊ द्या, विकणाऱ्याच्या नाही. आणि किंमत ठरवताना उरलेलं आयुष्य मोजा. समजा एएडी मार्च २०१४ मध्ये बनलेलं, साडेबारा वर्षांचं आहे. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला ते संपतं, आणि नवं घ्यायचं तर हजार डॉलरच्या पुढे खर्च. "एएडीसकट" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या रिगची खरी किंमत त्या तारखेवर अवलंबून असते. तसंच विचारा: दोऱ्या शेवटच्या कधी बदलल्या आणि त्यावर किती उड्या झाल्या? किल लाइन कधी? रायझर मूळचेच आहेत का? रिझर्व्हच्या लेबलवर किती चौकोन भरलेत? उत्तर "लक्षात नाही" असेल तर तो भाग संपलाय असं धरून त्याची किंमत वजा करा. मी माझी पहिली रिग घेताना यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

सगळं एकदम बदलायला पैसे नसतील, तर पायलट च्यूट, लूप, ब्रेकच्या दोऱ्या आणि रायझर आधी. एएडी मुदतबाह्य असेल तर ते बदलेपर्यंत ड्रॉपझोनची भाड्याची रिग घ्या. चार-सहा आठवडे भाड्याच्या रिगवर उड्या मारण्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या ओळखीचे हजारो उड्यांचे लोकही त्यांचं एएडी तपासणीला गेलं की तेच करतात.

आणि काढलेला भाग बॅगेत परत टाकू नका. जुना लूप तिथल्या तिथे कात्रीनं कापा. जुने रायझर मधोमध कापा, जुन्या दोऱ्यांचे तुकडे करा. नाहीतर सहा महिन्यांनी घाईच्या सकाळी कोणीतरी तुमच्या डबीत हात घालतं, बरा दिसणारा एक लूप उचलतं, आणि तो नेमका काढून टाकलेला असतो. नाशिकच्या त्या मुलाचा पिंजलेला लूप मी त्याच्यासमोरच कापला, आणि त्याला त्याच्या वहीत पहिली ओळ लिहायला लावली: मेनचा लूप, तारीख, उडी क्रमांक, पुढे रोज बघणे.